देखभालीतून आलेला हक्क: अ‍ॅपलेशियन पायवाटेची शंभर वर्षे

पायवाट ही माणसाने घडवलेल्या रचनांपैकी सर्वांत अल्पायुषी रचना म्हणावी लागेल. धरण किंवा पूल एकदा उभा राहिला की तो काही दशके तरी दुर्लक्ष सोसू शकतो; डोंगरउतारावरच्या पायवाटेला मात्र दोन-तीन पावसाळे कोणाचा हात लागला नाही, तर चढाच्या भागात तिचा ओहोळ होतो, सपाटीवर ती झुडपांत बुजते, आणि चिखल टाळण्यासाठी चालणारा माणूस कडेने पाय टाकू लागला की एकीच्या चार वाटा होऊन सगळा उतारच उसवू लागतो. म्हणून लांब पल्ल्याची पायवाट कोणी आखली आणि ती कधी पूर्ण झाली, या प्रश्नांना इतिहासात स्थान असले तरी तिचे जगणे वेगळ्याच प्रश्नांवर अवलंबून असते: दरवर्षी तिच्यावर कोण काम करते, कोणत्या अधिकाराने करते आणि त्या कामाचा खर्च कोण उचलते.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलेशियन पायवाटेइतके समृद्ध उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर माउंटन या डोंगरापासून उत्तरेला मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी ही वाट कायद्याने राष्ट्रीय उद्यानव्यवस्थेचा भाग आहे. पण तिची रोजची देखभाल पगारी कर्मचारी करत नाहीत. सुमारे तीस स्थानिक मंडळांनी तिचे तुकडे वाटून घेतले आहेत आणि त्या मंडळांचे हजारो सभासद आपापल्या तुकड्यावर विनामोबदला राबतात; कोविडपूर्व वर्षांत या श्रमाची बेरीज वर्षाला दोन लाख तासांच्या आसपास जात असे. या व्यवस्थेचे वर्णन बहुधा नागरिकांच्या निःस्वार्थ वृत्तीची कहाणी म्हणून केले जाते, आणि एवढ्या तासांना मजुरीच्या दराने गुणून सरकारचा किती पैसा वाचला याचा आकडा अभिमानाने सांगितला जातो. या हिशोबात मुख्य गोष्ट निसटते. स्वयंसेवकांच्या श्रमाचे खरे मोल वाचलेल्या मजुरीत नाही. त्या श्रमातून वाटेवर सांगता येईल असा एक हक्क तयार झाला, त्या हक्काच्या बळावर कायदा मिळवता आला, आणि पुढे त्याच कायद्याने श्रम करणाऱ्यांना आपल्या चौकटीत बांधून घेतले, या देवाणघेवाणीत ते आहे.

या कल्पनेचा जनक बेंटन मॅकाय हा वनशास्त्रज्ञ आणि नियोजनकार होता. ऑक्टोबर १९२१ मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नियतकालिकात त्याने अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेच्या माथ्यावरून जाणाऱ्या वाटेची योजना मांडली आणि लेखाच्या शीर्षकातच तिला प्रादेशिक नियोजनाचा प्रकल्प म्हटले. वाट हा त्याच्या योजनेचा कणा होता, सर्वस्व नव्हते. पूर्व किनाऱ्यावरच्या औद्योगिक शहरांत पिचलेल्या माणसांना डोंगरात विश्रांती, आरोग्य आणि जमल्यास शेती-जंगलातला रोजगारही मिळावा, यासाठी निवारे, सामूहिक वसाहती आणि शेतीशिबिरे यांची साखळी त्याला अभिप्रेत होती. हे सारे नफ्याच्या हेतूविना आणि स्वेच्छाश्रमातून उभे राहावे, असा त्याचा आग्रह होता, कारण स्वखुशीने केलेले काम हे खेळाचेच रूप असते, असे तो मानत असे. यातल्या वसाहती आणि शेतीशिबिरे कागदावरच राहिली. टिकली ती वाट आणि तिच्यावरचे निवारे.

ती टिकण्याचे श्रेय बऱ्याच अंशी दुसऱ्या एका माणसाला द्यावे लागते, आणि तो स्वप्ने पाहणारा नव्हता. १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्फरन्स ही संघटना स्थापन झाली. तिची सूत्रे १९३१ मध्ये मायरन एव्हरी या सागरी कायद्याच्या वकिलाकडे आली आणि १९५२ पर्यंत त्याच्याकडेच राहिली. मोजमापाचे चाक ढकलत वाटेचा प्रत्येक मैल पायी पार करणारा, मार्गदर्शिका लिहिणारा, मंडळांना पत्रांमागून पत्रे पाठवून कामाला लावणारा हा माणूस हट्टी आणि अनेकांच्या मते असह्य होता. पण १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमध्ये शेवटचा तुकडा जोडला जाऊन वाट सलग झाली, ती मुख्यतः त्याच्या चिकाटीमुळे. तो शेवटचा तुकडा मात्र स्वयंसेवकांनी बांधला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांसाठी सरकारने उभारलेल्या सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या पगारी दलाच्या तुकडीने तो पूर्ण केला. स्वयंसेवा आणि सरकारी श्रम यांची सरमिसळ या वाटेत पहिल्यापासूनच आहे, आणि निखळ लोकसहभागाचे जे चित्र नंतर रंगवले गेले त्यात ही गोष्ट फारशी दिसत नाही.

सरकारशी किती जुळवून घ्यायचे, याच मुद्द्यावर मॅकाय आणि एव्हरी यांचा वाद पेटला. व्हर्जिनियातील शेनान्डोआ भागात डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता बांधायला सरकारने सुरुवात केली, तेव्हा माथ्यावर मोटार आली की वाटेचा आत्माच गेला, असे मॅकायचे मत होते. एव्हरीने व्यवहार पाहिला: रस्त्याला विरोध करून सरकारशी वैर घेण्यापेक्षा, विस्थापित झालेली वाट त्याच सरकारी दलाकडून उत्तम प्रतीची बांधून घ्यावी. मॅकाय १९३५ मध्ये वन्यक्षेत्रांसाठी लढणाऱ्या वाइल्डरनेस सोसायटीच्या संस्थापकांत सामील झाला आणि अ‍ॅपलेशियन वाटेच्या कामापासून दूर गेला. तत्त्व मॅकायच्या बाजूने होते यात शंका नाही. तरीही एव्हरीने तडजोड केली नसती तर वाट तेव्हाच तुटली असती, आणि तुटलेल्या वाटेच्या तत्त्वनिष्ठेचा चालणाऱ्याला काही उपयोग नसतो. भागीदारी म्हणजे काय याचा पहिला धडा इथे मिळतो: ज्याच्याशी मतभेद आहेत त्याच्याशीच ती करावी लागते.

तडजोडीने वाचलेली वाट पुढची तीन दशके अतिशय ठिसूळ पायावर उभी होती. तिचे शेकडो मैल खासगी जमिनींतून जात होते, आणि बहुतेक ठिकाणी मालकाची तोंडी परवानगी एवढाच आधार होता. जमीन विकली गेली, वारस बदलला किंवा मालकाचा विचार फिरला की वाट तिथून उठवून मोटाररस्त्याच्या कडेने न्यावी लागे. सरकारी जमिनीवर तरी वाट निर्धास्त असावी, म्हणून १९३८ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा आणि वनसेवा या दोन संघीय खात्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मैल पट्टा राखण्याचा करार केला. खासगी जमिनीला त्याचा काहीच लाभ नव्हता. त्याच वर्षी न्यू इंग्लंडवर आलेल्या चक्रीवादळाने वाटेवर झाडांचा खच पाडला, ब्लू रिज पार्कवे या निसर्गरम्य मोटाररस्त्याने दक्षिणेकडचा मोठा भाग विस्थापित केला, आणि पाठोपाठ आलेल्या युद्धाने मंडळांची माणसे व पेट्रोल दोन्ही हिरावले. वाट पुन्हा सलग झाल्याचे जाहीर करायला १९५१ उजाडले. १९५५ मध्ये एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या महिलेने ती एकटीने पूर्ण चालून दाखवली, आणि वाटेच्या दुरवस्थेबद्दल तिने वृत्तपत्रांजवळ काढलेल्या रोखठोक उद्गारांमुळे मंडळांना पुन्हा कुदळी हाती घ्याव्या लागल्या. स्वयंसेवेला लोकांच्या टीकेची गरज असते, हे सांगायला सहसा कोणी धजत नाही, कारण फुकट काम करणाऱ्याला नावे ठेवणे अशिष्ट मानले जाते.

वाटेला कायद्याचे संरक्षण हवे, ही मागणी मंडळांतूनच आली. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी डॅनियल होक हे स्वतः तिथल्या एका गिरिभ्रमण मंडळाचे सभासद होते; त्यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय पायवाटांचे विधेयक मांडले, ते पुढे सरकले नाही. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी १९६४ मध्ये हा विषय पुन्हा उचलला आणि २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने राष्ट्रीय पायवाट व्यवस्था कायदा अस्तित्वात आला. या कायद्याने अ‍ॅपलेशियन वाटेला पश्चिमेकडच्या पॅसिफिक क्रेस्ट वाटेबरोबर पहिल्या राष्ट्रीय निसर्गरम्य वाटेचा दर्जा दिला, आणि वाटेचे संचालन व देखभाल यांसाठी राज्ये, खासगी संस्था व व्यक्ती यांच्याशी लेखी करार करण्याची मुभा सरकारला दिली. ही तरतूद किरकोळ वाटेल, पण सगळी रचना तिच्यावर तोलली आहे. अनेकदा एखादे स्थळ राष्ट्रीय घोषित झाले की तिथे आधीपासून झटणारी माणसे अभ्यागत ठरतात, आणि काल ज्या दगडाला हात लावत होते त्याला आज परवानगीशिवाय हात लावता येत नाही. इथे उलट झाले, आणि ते कायदेकर्त्यांच्या औदार्यामुळे नव्हे: चाळीस वर्षे ज्यांनी वाट राखली त्यांच्याखेरीज ती कुठून जाते हे नेमके सांगू शकणारे दुसरे कोणीच नव्हते. नकाशे, नोंदी, मालकांची नावे आणि त्यांच्याशी जपलेले संबंध मंडळांकडे होते. देखभालीतून ज्ञान येते आणि ज्ञानातून हक्क येतो, तो असा.

कायदा झाला तरी जमीन मिळाली नाही. पहिली दहा वर्षे खरेदी राज्यांनी करावी या अपेक्षेत गेली आणि खासगी घरांची बांधकामे माथ्यापर्यंत चढू लागली. अखेर मार्च १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात दुरुस्ती कायदा होऊन नऊ कोटी डॉलर खर्चाची तरतूद मान्य झाली, सरासरी हजार फूट रुंदीचा पट्टा संपादन करण्याचे ठरले, आणि जिथे मालक विकायला तयार नसेल तिथे मर्यादित प्रमाणात सक्तीच्या संपादनाचा अधिकारही वाढवण्यात आला. आज वाटेचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग सार्वजनिक मालकीत किंवा कायम संरक्षणात आहे. हे यश निर्विवाद आहे. मात्र त्याची किंमत कोणी दिली याचा उल्लेख टाळून त्याचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. ज्या शेतकऱ्यांनी तोंडी परवानगी देऊन कित्येक वर्षे वाट आपल्या बांधावरून जाऊ दिली होती, त्यांतल्या काहींना आता तीच वाट सरकारी नोटीस घेऊन आली. त्याआधी, १९३५ मध्ये स्थापन झालेल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानासाठी डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी शेकडो कुटुंबे उठवली गेली होती. आणि त्याच्याही शंभर वर्षे आधी दक्षिणेकडच्या डोंगरांतून चेरोकी लोकांना हुसकावण्यात आले होते. ग्रेट स्मोकी पर्वतातील ज्या शिखरावर ही वाट सर्वाधिक उंची गाठते त्याला कुवोही हे मूळ चेरोकी नाव सप्टेंबर २०२४ मध्ये परत मिळाले, तेही त्या समाजाने मागणी केल्यानंतर. भागीदारीच्या मेजावर कोणाला बसवले आणि कोणाला उठवले, हे दोन्ही हिशोब एकाच वहीत मांडायला हवेत.

१९८४ मध्ये या व्यवस्थेने सर्वांत धाडसी पाऊल टाकले. उद्यान सेवेने वाटेसाठी संपादन केलेल्या जमिनींच्या व्यवस्थापनाची जबाबदारी करारान्वये अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्फरन्स या खासगी, बिगरनफा संघटनेकडे सोपवली. हीच संघटना २००५ पासून अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या नावाने ओळखली जाते. जमिनीची मालकी, कायदा-सुव्यवस्था आणि अंतिम जबाबदारी सरकारकडे राहिली. रोजचा कारभार संघटनेकडे आणि तिच्यामार्फत मंडळांकडे गेला. या पद्धतीला सहकारी व्यवस्थापन म्हणतात, आणि तिचे मर्म असे की मालकी, अधिकार, ज्ञान आणि श्रम या चारही गोष्टी एका हाती कधीच येत नाहीत. यामुळे निर्णय मंद होतात. वाटेचा एखादा फर्लांगभर तुकडा हलवायचा म्हटले तरी मंडळ, संघटना, उद्यान सेवा, वनसेवा आणि राज्य यांच्यात कागद फिरतात, आणि अधीर स्वयंसेवक त्याला लालफीत म्हणतो. पण सरकारचा एखादा हंगामी निर्णय किंवा मंडळातली एखादी भाऊबंदकी सगळी वाट बुडवू शकत नाही, तेही याच मंदपणामुळे.

या कागदी रचनेच्या तळाशी प्रत्यक्ष काम काय चालते, याकडे वैचारिक चर्चेत दुर्लक्ष होते, म्हणून ते थोडे तपशिलात पाहणे योग्य. वाटेचा मुख्य शत्रू पाणी आहे. उतारावर आडव्या कोरलेल्या वाटेला दरीच्या बाजूने किंचित कल ठेवावा लागतो, म्हणजे पाणी पसरून उतरते आणि वाटेतून वाहत नाही. कालांतराने पायांनी मधला भाग खोलगट होतो आणि कडेला मातीची वरंबी साचते, ती फावड्याने कापून कल पुन्हा आणावा लागतो. चढावर ठरावीक अंतराने दगड किंवा ओंडके वाटेत तिरके बसवून पाणी बाहेर काढणारे आडबंध घालतात, आणि पानगळीनंतर पाचोळा व गाळ साचून ते बुजले की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी त्यांच्यावरून उडी मारून वाट खणते. त्यामुळे वर्षातून किमान एकदा प्रत्येक आडबंध मोकळा करणे हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कंटाळवाणे काम ठरते. झाडांच्या खोडांवर पाच सेंटिमीटर रुंद व पंधरा सेंटिमीटर उंच अशा पांढऱ्या खुणा रंगवणे, दलदलीवर फळ्यांचे साकव टाकणे, अडीचशेहून अधिक निवाऱ्यांची छपरे आणि शौचालये सांभाळणे, आडवी पडलेली झाडे कापणे हीही कामे असतातच. १९६४ च्या कायद्याने वन्यक्षेत्र म्हणून राखलेल्या भागांत यांत्रिक साधनांना बंदी असल्यामुळे तिथे दोन माणसांनी ओढायची जुनी लांब करवत वापरावी लागते; इतरत्र यांत्रिक करवत चालते, पण ती हाती घेण्यासाठी प्रशिक्षण, प्रथमोपचाराचे ज्ञान आणि मुदतीने नव्याने घ्यावे लागणारे प्रमाणपत्र लागते. पाचूरंगी भुंगेऱ्याच्या किडीने अ‍ॅश जातीची झाडे मोठ्या प्रमाणावर वाळत असल्याने हे काम अलीकडे अधिक धोक्याचे झाले आहे, कारण वाळलेले खोड कुठे तुटेल याचा अंदाज अनुभवी माणसालाही येत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील बेअर माउंटन परिसरात १९२३ मध्ये या वाटेचा पहिला तुकडा खुला झाला, आणि महानगराच्या इतक्या जवळ असल्यामुळे लक्षावधी पावलांनी तिथला माथ्याचा चढ पुढे खडकापर्यंत झिजला. न्यूयॉर्क–न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स या ज्या संस्थेने मूळ तुकडा तयार केला होता, तिनेच या शतकात तो नव्याने बांधला: ग्रॅनाइट जागेवर फोडून, घडवून हजाराहून अधिक पायऱ्या बसवल्या, आणि त्यासाठी दशकभर स्वयंसेवकांना पाथरवटाचे काम शिकवले. फुकट श्रम फुकट पडत नाहीत, हे इथे स्पष्ट दिसते. हत्यारे, वाहतूक, भोजन, तंबू, प्रशिक्षक, पगारी गटप्रमुख, विमा आणि समन्वयकाचे कार्यालय यांचा खर्च कोणाला तरी करावाच लागतो. दक्षिण भागात १९८३ पासून चालणारे कॉनरॉक पथक याच तत्त्वावर उभे आहे: लोक आठवडाभराची रजा काढून येतात, पण त्यांच्या हाताला काम, ताटात जेवण आणि शेजारी जाणता नेता असावा, याची तजवीज संघटना आणि वनसेवा करतात. स्वयंसेवक उपलब्ध आहेत म्हणून अर्थसंकल्पात काटछाट करणारा प्रशासक विहीर भरलेली आहे म्हणून दोर कापणाऱ्यासारखा वागतो.

सरकार आणि स्वयंसेवक यांचे भवितव्य किती गुंतलेले आहे, याचा प्रत्यय सरकारी कामबंदीच्या काळात येतो. अमेरिकेत नोंदणीकृत स्वयंसेवकाला काम करताना इजा झाली तर १९७० च्या आसपास झालेल्या कायद्यांनुसार संघीय कर्मचाऱ्याप्रमाणे भरपाई मिळते. हे संरक्षण त्याच्या श्रमाला दिलेली अधिकृत मान्यताच आहे. मात्र खर्चाच्या मंजुरीअभावी सरकार बंद पडले की हे छत्रही बाजूला होते, आणि २०१८-१९ च्या हिवाळ्यातील प्रदीर्घ कामबंदीत संघीय जमिनींवरील स्वयंसेवी देखभालही थांबवावी लागली. सरकार मागे हटले की समाज पुढे सरसावेल, हा जो विचार अलीकडे लोकप्रिय आहे त्याला या उदाहरणात आधार मिळत नाही. सरकार मागे हटले तेव्हा समाजाचेही हात बांधले गेले.

अधिकारांच्या वाटणीची दुसरी, अधिक अवघड बाजू २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात उघड झाली. अटलांटिक कोस्ट पाइपलाइन ही नैसर्गिक वायूची वाहिनी व्हर्जिनियातील जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात वाटेच्या सुमारे सहाशे फूट खालून न्यायची होती. राष्ट्रीय उद्यानव्यवस्थेतील जमिनीतून अशी वाहिनी न्यायला संबंधित कायद्यात परवानगी नाही. वाट तर उद्यानव्यवस्थेचा भाग. मग तिच्याखालची वनजमीनही उद्यानाची ठरते का, असा प्रश्न होता. १५ जून २०२० रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की वाटेमुळे उद्यान सेवेला त्या वनजमिनीवर केवळ सुविधाधिकार मिळतो, जमीन वनसेवेचीच राहते. सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा मर्यादित वापर करण्याचा हक्क. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तो शेतावर जाण्याच्या वहिवाटीच्या रूपात आणि तहसीलदारापुढच्या रस्त्याच्या तंट्यांमुळे चांगलाच परिचित आहे. न्यायमूर्ती सोटोमायॉर आणि केगन यांचे मत विरोधी होते: वाट आणि तिची जमीन वेगळी काढता येत नाही. पुढच्याच महिन्यात कंपन्यांनी वाढता खर्च आणि कायदेशीर अनिश्चितता यांमुळे प्रकल्प सोडून दिला, तरी निर्णय कायम राहिला. बहुमताचा निर्णय तर्काला धरून असेल, पण त्याने व्यवस्थेचा कच्चा दुवा दाखवून दिला. अनेकांच्या जमिनीवरून जाण्याची जी लवचीकता या वाटेला जगवत आली, तीच तिच्या तळाशी असलेल्या जमिनीवरचा दावा पातळ करते.

सह्याद्रीतल्या गडवाटांच्या संदर्भात या अनुभवाकडे पाहिले तर एक फरक चटकन जाणवतो. महाराष्ट्रात टाक्यांतला गाळ उपसणाऱ्या, ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या करणाऱ्या, तटावरची झाडे काढणाऱ्या हातांची वाण नाही. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यावर हा उत्साह आणखी वाढला. परंतु संरक्षित स्मारक ठरलेल्या गडाला हद्द आणि खाते असते. गडाकडे जाणारी किंवा एका गडावरून दुसऱ्या गडाला जोडणारी वाट वनखाते, गायरान आणि खासगी शेते यांतून बेवारशी जाते, आणि तिची काळजी घेणाऱ्याचा तिच्याशी असलेला संबंध सहसा कोणत्याच कागदावर येत नाही. श्रम आहेत, ज्ञान आहे. त्यांना मान्यता देणारा करार नाही.

अमेरिकेतल्या मंडळांची आजची चिंता वेगळी आहे. सभासद वयाने वाढत चालले आहेत आणि ते बहुतांशी गोऱ्या मध्यमवर्गातून येतात, तर वाटेवर चालणाऱ्यांचे चेहरे बदलले आहेत. बेअर माउंटनच्या शेजारी न्यू जर्सीत मराठी भाषकांसह भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्या राज्यातून ही वाट सत्तर मैलांहून अधिक जाते, पण सुट्टीत चालणे आणि शनिवारी आडबंध उपसणे यांत बरेच अंतर आहे. त्यातच सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने दक्षिणेकडे प्रचंड पडझड केली. टेनेसीतील अर्विन गावाजवळ नोलिचकी नदीवरचा पूल वाहून गेल्याने पुढच्या हंगामात चालणाऱ्यांना नावेने पैलतीरी न्यावे लागले. पडलेली झाडे प्रमाणित करवतकरी महिनोन्‌महिने कापत राहिले. पूल बांधणे मात्र त्यांच्या आवाक्यातले नाही. तिथे अभियंते, निधी आणि राज्याचे रस्ते खाते लागते, आणि तिथे सरकारची जागा कोणीही घेऊ शकत नाही.

याहून मोठा प्रश्न हजार फुटांच्या पट्ट्याबाहेर आहे. माथ्यावरून दिसणारी दरी, तिच्यातली गृहसंकुले, पवनचक्क्या, वीजवाहिन्या आणि गोदामे यांवर त्या पट्ट्याची काहीच सत्ता नाही; पट्टा शाबूत राहूनही वाट दोन भिंतींमधली गल्ली होऊ शकते. म्हणून २०१५ मध्ये संघटना आणि उद्यान सेवा यांनी भूदृश्य संरक्षणासाठी नवी भागीदारी सुरू केली, तिच्यात शंभरहून अधिक संस्था सामील झाल्या, आणि तिचे काम आजूबाजूच्या जमिनींचे मालक, जमीन-न्यास आणि गावे यांच्याशी बोलणे हे आहे. मॅकायच्या १९२१ च्या योजनेत वाट ही प्रदेशाच्या नियोजनाचा कणा होती. शंभर वर्षांनी ते नियोजन पुन्हा कामाच्या यादीत आले आहे, पण या वेळी त्याची हत्यारे वेगळी आहेत. सरकारी हद्दीचे खांब शोधून त्यांच्यावरची झुडपे काढणारा, शेजाऱ्याने पट्ट्यात झाड तोडले किंवा चारचाकीचा रस्ता काढला तर त्याची नोंद करणारा सीमापाल स्वयंसेवक मंडळांत आधीपासून आहे आणि त्याला उमेदवार मिळणे नेहमीच कठीण गेले आहे, कारण त्याच्या कामाचे छायाचित्र चांगले येत नाही. आता मंडळांना याहूनही निरस कामासाठी माणसे शोधावी लागत आहेत: जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीला संध्याकाळी जाऊन बसणारी, प्रस्तावित बांधकामाचे नकाशे वाचणारी, आणि हरकतींची मुदत संपण्याआधी लेखी निवेदन दाखल करणारी.